जवळचे दुःख, दूरचे दुःख : शोकनाट्य आणि त्याचा प्रेक्षक

शोकनाट्याविषयी तत्त्वचिंतकांनी मुख्यतः दोन प्रश्न विचारले. जे दुःख प्रत्यक्षात कुणालाच नको असते, ते रंगमंचावर पाहायला माणूस पदरचे पैसे मोडून आणि रात्र जागवून का जातो, हा पहिला. ते पाहून घरी परतलेल्या माणसात काय बदललेले असते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे ग्रंथच्या ग्रंथ झाले; दुसरा पुष्कळदा पहिल्याच्या ओघात उरकला गेला. दोहोंच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. प्रेक्षकाचे स्वतःचे दुःख आणि नाटकातले दुःख यांच्यात अंतर किती असावे? स्वस्थचित्त प्रेक्षक गृहीत धरून लिहिणाऱ्या शास्त्रकाराला हा प्रश्न बाजूला ठेवता येतो. अवर्षण, ऊसतोडीचे स्थलांतर आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या ज्या बीड जिल्ह्याने गावोगाव पाहिल्या, तिथे तो बाजूला ठेवता येत नाही. शोकनाट्याची मीमांसा या अंतराच्या प्रश्नाभोवती वाचली, तर एरवी परस्परविरोधी वाटणारे विचारवंत बरेच जवळ आलेले दिसतात.

अंतराचा हा प्रश्न इतिहासात प्रथम आला तो दंडाच्या रूपाने. इ.स.पू. ४९४ मध्ये इराणी सैन्याने मिलेटस हे ग्रीक नगर जिंकून उद्ध्वस्त केले. मिलेटसवासी हे अथेन्सकरांचे भाऊबंद मानले जात. पुढे फ्रिनिकस या नाटककाराने याच पाडावावर नाटक लिहून अथेन्समध्ये सादर केले. हेरोडोटस लिहितो की सगळे प्रेक्षागृह रडू लागले, आणि नगराने नाटककाराला १,००० द्राख्मा दंड करून तो खेळ पुन्हा कुणी करू नये असे फर्मावले. आपल्याच घरच्या आपत्तीची आठवण करून दिली, हा त्याचा अपराध. नाटक फसले अशी तक्रार कुणाचीच नव्हती. ते नको इतके लागले होते. इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसने त्याच इराणी युद्धांवर ‘पर्शियन्स’ हे नाटक आणले, पण त्यातला शोक होता हरलेल्या शत्रूचा. इराणच्या राजमातेचा आणि सरदारांचा आक्रोश अथेन्सकरांनी ऐकला आणि त्या नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले. विषय साधारण तोच, प्रेक्षक तोच. बदलले ते फक्त दुःखाचे अंतर.

प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या प्रकरणात शोकनाट्यावर आरोप ठेवला तो या अनुभवाच्या पाठोपाठच्या शतकात. त्याचा मुद्दा सोपा आणि बोचरा आहे. घरात मृत्यू झाला तर शहाणा माणूस आपला शोक आवरतो आणि त्याचा त्याला अभिमान वाटतो. तोच माणूस नाट्यगृहात नायकाच्या विलापाबरोबर मोकळेपणी रडतो, आणि जो कवी जास्त रडवील त्याची वाहवा करतो. दुसऱ्याच्या दुःखावर पोसलेली ही रडण्याची सवय स्वतःच्या दुःखाच्या वेळी आवरता येणार नाही, असे प्लेटोचे म्हणणे. कवींना नगराबाहेर घालवल्याबद्दल त्याला नावे ठेवली जातात. पण त्याच प्रकरणात त्याने एक दार उघडे ठेवले होते. काव्य नुसते सुखद नसून उपकारकही आहे असे कुणी युक्तिवादाने दाखवले, तर त्याचे आनंदाने स्वागत करू, असे तो म्हणतो.

ते काम त्याच्या शिष्याने केले. अॅरिस्टॉटलच्या व्याख्येत शोकनाट्य करुणा आणि भीती जागवून अशा भावनांचे ‘कॅथार्सिस’ घडवते. हा शब्द व्याख्येत आला आणि त्याचे स्पष्टीकरण ‘काव्यशास्त्रा’च्या उपलब्ध भागात कुठेच आले नाही, त्यामुळे त्यावर शतकानुशतके वाद झाले. विरेचन म्हणावे, शुद्धी म्हणावे की भावनांना योग्य प्रमाणावर आणणे म्हणावे, याविषयी मते आहेत. १८५७ मध्ये याकोब बर्नेज या जर्मन पंडिताने वैद्यकीय अर्थ आग्रहाने मांडला; त्याआधी लेसिंगने नैतिक अर्थ लावला होता. या वादाने एवढी जागा व्यापली की अॅरिस्टॉटलने दुसऱ्या एका ग्रंथात प्रेक्षकाविषयी जे स्पष्टपणे लिहिले, ते मागे पडले.

तो ग्रंथ म्हणजे वक्तृत्वशास्त्रावरचा. त्यात करुणेचे विवेचन करताना तो सांगतो, की ज्याच्यावर नाहक आपत्ती आली आणि जी आपल्यावर किंवा आपल्या माणसांवरही येऊ शकेल असे वाटते, त्याच्याविषयी करुणा येते. पण माणूस अगदी जवळचा असेल तर करुणा येत नाही. तिथे आपल्याच अंगावर कोसळल्यासारखे होते. यासाठी तो इजिप्तच्या राजाची गोष्ट देतो. मुलाला वधासाठी नेताना राजाच्या डोळ्यांत पाणी आले नाही. मित्राला भीक मागताना पाहिले तेव्हा मात्र तो रडला. मुलाचे दुःख भयंकर होते आणि भयंकर दुःख करुणेला हुसकावून लावते. याच ठिकाणी अॅरिस्टॉटल आणखी एक कठोर वाक्य लिहून जातो : जे पूर्णपणे उद्ध्वस्त झाले आहेत त्यांना करुणा वाटत नाही, कारण आता आणखी काही सोसायचे उरलेले नाही असे त्यांना वाटते. जे स्वतःला अतिशय भाग्यवान समजतात त्यांनाही ती वाटत नाही. म्हणजे शोकनाट्याचा प्रेक्षक या दोन टोकांच्या मधला माणूस आहे. या विधानाकडे पुन्हा यावे लागेल.

भारतीय शास्त्रात हाच विचार वेगळ्या वाटेने आला. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त करुण हा स्वतंत्र रस आहे आणि शोक हा त्याचा स्थायिभाव. विरहातला शृंगारही दुःखाचाच, मग फरक काय? भरताचे उत्तर मार्मिक आहे : विरहात पुन्हा भेटीची आशा शिल्लक असते, करुणात ती उरलेली नसते. न भरून येणारी हानी ही शोकनाट्याची खूण त्याला नेमकी ठाऊक होती. दशरूपकांमध्ये उत्सृष्टिकांक नावाचा प्रकारच असा आहे, की ज्यात युद्ध संपल्यावरचा स्त्रियांचा विलाप आणि करुण रस प्रधान असतो. मांडी मोडलेल्या दुर्योधनाचा रंगमंचावर अंत दाखवणारे भासाच्या नावावरचे ‘ऊरुभंग’ पुष्कळ अभ्यासक याच प्रकारात ठेवतात. संस्कृत नाटकाला शोक माहीतच नव्हता, हे शालेय पुस्तकांतून पसरलेले विधान त्यामुळे फार ताणू नये. खरे एवढेच, की पूर्ण लांबीच्या नाटकाचा शेवट शोकात होऊ नये असा संकेत दृढ झाला आणि मृत्यू, राज्यनाश, नगराचा वेढा यांसारख्या घटना रंगमंचावर न दाखवता निवेदनातून कळवाव्यात असा नियम झाला.

प्रेक्षकाविषयी भरत फार बारकाईने बोलतो. सत्ताविसाव्या अध्यायात नाट्यप्रयोगाच्या सिद्धीची, म्हणजे यशाची, लक्षणे आहेत. प्रेक्षक हसले, ‘वा’ म्हणाले, उठून दाद दिली, ही जशी सिद्धी, तसेच करुण प्रसंगी त्यांच्या तोंडून ‘अरेरे’ निघाले आणि डोळे भरून आले, ही सुद्धा सिद्धीच. आदर्श प्रेक्षक कोण? आनंदाच्या प्रसंगी जो आनंदतो आणि शोकाच्या प्रसंगी शोकाकुल होतो, तो. प्लेटोने जे दुबळेपण मानले, ते भरताने पात्रता मानले.

दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधिकाळात काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने या सगळ्याला तत्त्वज्ञानाचा पाया दिला. भट्टनायकाकडून आलेली साधारणीकरणाची कल्पना त्याने पुढे नेली. रंगमंचावरचा शोक रामाचा नसतो, नटाचा नसतो, प्रेक्षकाचा वैयक्तिकही नसतो. ‘कुणाचा’ हा प्रश्न गळून पडतो आणि उरलेला शोक आस्वाद्य होतो. क्रौंचवधाच्या कथेवरचे त्याचे भाष्य या दृष्टीने मूलगामी आहे. वाल्मीकीचा शोक श्लोक झाला असे सगळेच सांगतात. अभिनवगुप्त विचारतो : तो शोक खरोखर ऋषीचा स्वतःचा असता तर? मग ऋषी दुःखाने व्याकूळ झाला असता आणि त्याच्या हातून काव्य घडलेच नसते. दुःखाने कोसळलेला माणूस आणि दुःखाला रूप देणारा माणूस यांतली रेषा इतक्या स्वच्छपणे फार थोड्यांनी आखली आहे.

त्याहून उपयोगाची आहे त्याने सांगितलेली रसाच्या आड येणाऱ्या सात विघ्नांची चर्चा. घटना संभवनीयच न वाटणे हे पहिले विघ्न. ‘हे माझे’, ‘हे त्याचे’, ‘हे याच गावचे, याच वेळचे’ अशा भानात अडकून राहणे हे दुसरे. आणि तिसरे म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाच्या इतका कह्यात असणे, की मन समोरच्या गोष्टीत शिरतच नाही. यांवरचे उपायही अभिनवगुप्ताने दिले आहेत. दुसऱ्या विघ्नावर पूर्वरंग, वेशभूषा, मुकुट, नाट्याची वेगळी भाषा, ज्यामुळे ‘हा अमक्याचा मुलगा’ ही ओळख झाकली जाते. तिसऱ्यावर गायन, वादन, मंडपाची शोभा आणि कुशल कलावंत. कारण ही साधने सर्वांच्या मनाला सारखी धरतात आणि स्वतःच्या काळजीत बुडालेल्यालाही बाहेर काढतात. फ्रिनिकसच्या नाटकात जे घडले, त्याचे निदान दुसऱ्या आणि तिसऱ्या विघ्नात आहे. अथेन्सकरांना ते दुःख ‘माझे, इथले, आत्ताचे’ वाटले.

शोक आस्वाद्य होतो म्हणजे त्याचा आनंद होतो का? इथे भारतीय परंपरेतच उघड मतभेद आहे. चौदाव्या शतकातला ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथ म्हणतो की करुणही परमसुखच देतो. तसे नसते तर कुणी त्याच्या वाटेला गेले नसते आणि रामायण हा दुःख देणारा ग्रंथ ठरला असता. प्रेक्षकाचे अश्रू चित्त द्रवल्यामुळे येतात, दुःखामुळे नव्हे. त्याच्या दोनशे वर्षे आधी गुजरातेत हेमचंद्राचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी ‘नाट्यदर्पणा’त नेमका उलटा पक्ष घेतला होता. रस सुखदुःखात्मक आहेत; करुण, भयानक, रौद्र, बीभत्स हे दुःखच देतात. सीतेचे हरण, द्रौपदीची विटंबना, हरिश्चंद्राचे दास्य, त्याच्या मुलाचा मृत्यू पाहताना सहृदयाला सुख होते असे कोण म्हणेल? प्रेक्षक येतो तो कवीच्या आणि नटाच्या सामर्थ्याने चकित होण्यासाठी. या दोघांपैकी रामचंद्राने स्वतः हरिश्चंद्रावर नाटक लिहिले होते, म्हणजे प्रेक्षागृहातला हुंदका त्याला ग्रंथाबाहेरही ठाऊक असावा. विश्वनाथाची बाजू तर्काला सुबक आहे. अनुभवाला मात्र रामचंद्र-गुणचंद्र अधिक प्रामाणिक वाटतात. काशीच्या घाटावर मुलाचे प्रेत घेऊन आलेल्या तारामतीकडे हरिश्चंद्र दहनाचे शुल्क मागतो, त्या क्षणी श्रोत्याला होते त्याला सुख म्हणणे शब्दाची ओढाताण आहे.

हरिश्चंद्राची कथा मराठी माणसाने किती जवळ केली, याचा पुरावा चित्रपटाच्या इतिहासातही आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला मूकपट केला तो याच कथेवर, आणि १९३२ मध्ये प्रभातने पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ काढला तोही याच कथेवर. पण तिचे जुने घर कीर्तन. मराठवाड्यात नाट्यगृहे उशिरा आली. शोकाख्यान ऐकण्याची सवय त्याआधी देवळाच्या सभामंडपात आणि सप्ताहाच्या मांडवात लागली होती. नारदीय कीर्तनाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, मध्ये नामगजर, उत्तररंगात आख्यान. शोक शिगेला पोचला की कीर्तनकार थांबतो, नामाचा गजर होतो, टाळ आणि पेटी-तबला घुमतात आणि मग कथा पुढे सरकते. कंठ दाटलेला श्रोता त्या गजरात सगळ्यांबरोबर गातो. तिसऱ्या विघ्नावर अभिनवगुप्ताने सांगितलेला उपाय इथे शास्त्राचे नाव न घेता अमलात आलेला आहे. आख्यानाच्या शेवटी देव प्रकट होतात, मुलगा उठतो, राज्य परत मिळते. पण ऐकणाऱ्या बाईच्या मनात सिंहासन राहत नाही, घाट राहतो.

जात्यावरच्या ओव्यांत अंतराचा हाच विचार आणखी सूक्ष्म झाला आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या महाराष्ट्रभर आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी उभारलेल्या ओव्यांच्या प्रचंड संग्रहात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या स्त्रियांच्या ओव्याही ध्वनिमुद्रित आहेत. तिथल्या भीमनगरातल्या स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांविषयी गायिलेल्या ओव्या त्यात विशेष प्रसिद्ध आहेत. सीतेच्या ओव्यांत गाणारीचा सासुरवास, एकटे बाळंतपण, नवऱ्याने टाकणे हे सगळे येते, पण सीतेच्या नावाने. ‘माझे’ असे म्हटले असते तर घरात भांडण झाले असते किंवा आवाजच फुटला नसता. सीतेच्या आडून ते गाता येते, शेजारणीलाही ऐकता येते. इथे गाणारी आणि ऐकणारी एकच असते; कवी, नट आणि प्रेक्षक यांचे वेगळेपणच शिल्लक राहत नाही, आणि तरीही अंतर राखले जाते.

युरोपात ख्रिस्ती परंपरेने अंतरावरच नैतिक आक्षेप घेतला. चौथ्या शतकाच्या अखेरीस सेंट ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात तारुण्यातल्या नाटकांच्या वेडाकडे मागे वळून पाहताना विचारले, की ही कसली करुणा? प्रेक्षकाला दुःखिताच्या मदतीला बोलावलेले नसते, फक्त हळहळायला बोलावलेले असते. आणि जितकी जास्त हळहळ तितके त्याला समाधान. पुढची तेरा-चौदा शतके शोकनाट्याचे समर्थक या आक्षेपाला वळसा घालूनच गेले.

डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या ‘शोकनाट्याविषयी’ या छोट्या निबंधात सुखाचे कारण शोधताना सांगितले, की वाणीची शक्ती, रचनेचे सौंदर्य आणि अनुकरणाचा आनंद हे प्रबळ असतील तर ते शोकाच्या जोराला आपल्याकडे वळवून घेतात. रामचंद्र-गुणचंद्रांशी त्याचे नाते सहज दिसते. पण ह्यूमच्या निबंधाचा खरा कस त्याने दिलेल्या मर्यादांत आहे. मूल गेलेल्या बापाचे सांत्वन करायला कुणी त्या हानीचे प्रभावी शब्दांत वर्णन करील काय? शब्द जितके समर्थ तितका त्याचा शोक वाढेल. दुसरे उदाहरण इतिहासकार क्लॅरेंडनचे. पहिल्या चार्ल्सच्या वधाशी येताच त्याने प्रसंग घाईने उरकला, कारण त्याला आणि त्याच्या काळच्या वाचकांना तो सोसणारा नव्हता. नंतरच्या काळातल्या वाचकाला मात्र तोच भाग सर्वांत हृदयस्पर्शी वाटला असता. अॅरिस्टॉटलचा राजा, अभिनवगुप्ताचे तिसरे विघ्न आणि ह्यूमचा बाप एकच गोष्ट सांगतात.

त्यानंतरच्या जर्मन विचारात प्रेक्षकापेक्षा विश्वाचे स्वरूप महत्त्वाचे झाले. हेगेलने ‘अँटिगनी’त कुटुंबधर्म आणि राजधर्म या दोन न्याय्य पक्षांची टक्कर पाहिली. शोपेनहॉवरने शोकनाट्यातून जीवनेच्छेचा त्याग शिकावा असे म्हटले, तर नीत्शेने १८७२ मध्ये त्याच शोकातून जीवनाला होकार देण्याची शक्ती काढली. या थोर उभारणीत समोर बसलेला माणूस मात्र हरवतो.

मराठीत हा प्रश्न ग्रंथांतून आला नाही. रंगभूमीवर मृत्यू आला तेव्हा आला. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ मध्ये लिहिले गेले. माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचे सती जाणे असा त्याचा शेवट संस्कृत संकेताला सोडून होता. शेक्सपिअरची भाषांतरे सुरू झाली. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ १८६७ चा. १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात असताना आगरकरांच्या मनात ‘हॅम्लेट’ होते, आणि १८८३ मध्ये त्यांनी केलेले त्याचे रूपांतर ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. लोकशिक्षणाला वाहून घेतलेल्या या बुद्धिवादी सुधारकाला शोकपर्यवसायी नाटक मराठीत आणावेसे वाटले, ही गोष्ट लहान नाही. प्रेक्षकाला गोड शेवटाच्या आधाराशिवाय उभे राहता येईल, असा विश्वास त्यामागे आहे.

या विश्वासाची मोठी परीक्षा झाली ती ‘एकच प्याला’त. त्याचे नाटककार गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग केला. दारूत बुडणारा सुधाकर गणपतराव बोडसांचा आणि त्याची पत्नी सिंधू बालगंधर्वांची. अॅरिस्टॉटलच्या मापाने पाहिले तर सुधाकर हा शोकनाट्याचा नायक शोभतो : बुद्धिमान, मानी, आणि त्याच मानीपणातून घसरणारा. सिंधू त्या मापात बसत नाही. ती निर्दोष आहे, आणि निर्दोष माणसाचा नाश करुणा जागवत नाही, धक्का देतो, असे अॅरिस्टॉटलचे मत. मराठी प्रेक्षकाने ते खोटे ठरवले. पण एका मार्गाने. त्या दारिद्र्यात, फाटक्या लुगड्यात, सिंधू गाते. विठ्ठल सीताराम गुर्जरांची पदे आणि बालगंधर्वांचा स्वर नसता तर तिचे हाल सोसणे अवघड होते. संगीताने शोकनाट्याची धार बोथट केली असा आक्षेप मराठी समीक्षेत वारंवार येतो. तो अर्धाच खरा आहे. दारूने मोडलेले घर त्या प्रेक्षागृहातल्या अनेकांच्या ओळखीचे होते. पदांनी त्यांना तिथे बसून राहता येईल एवढे अंतर दिले. दोष असलाच तर दुसरीकडे आहे : सिंधूविषयीची करुणा हळूहळू पूजेत बदलते, आणि पूजा सुरू झाली की सुधाकराला कुणी अडवले का नाही, हा प्रश्न मागे पडतो.

‘एकच प्याला’नंतर दोनच वर्षांनी, १९२१ मध्ये, त्याच बडोद्यात साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीचा सिद्धांत मांडला. योगशास्त्रात ज्या समाधीत भेदाचे भान शिल्लक असते ती सविकल्प. केळकरांच्या मते वाचक किंवा प्रेक्षक आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. दोन्हींचे भान एकाच वेळी राहते आणि त्यातून वाङ्मयानंद होतो. या सिद्धांतावर पुढे पुष्कळ टीका झाली. रा. श्री. जोगांचे ‘अभिनव काव्यप्रकाश’ (१९३०), के. ना. वाटव्यांचे ‘रसविमर्श’ (१९४२), गो. वि. करंदीकरांचे ‘अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७), र. पं. कंगल्यांचे ‘रस-भाव-विचार’ (१९७३) या ग्रंथांनी मराठी वाचकासमोर दोन्ही परंपरा अधिक काटेकोरपणे आणल्या. केळकरांचा सिद्धांत शोकनाट्य आणि प्रहसन यांतला फरक सांगत नाही, हा त्याचा उघड दोष. तरीही अंतराच्या प्रश्नावर मराठीत झालेली सर्वांत नेमकी मांडणी तीच. अभिनवगुप्ताचा प्रेक्षक ‘स्व’ विसरतो. केळकरांचा प्रेक्षक तो घेऊन बसतो. ज्याच्या घरी कर्ज आहे, मुलीचे लग्न आहे, त्या प्रेक्षकाला विसरण्याची अट घालणे कठीण. दोन्ही भाने राखण्याची मुभा त्याला परवडते.

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा (१९७०) परिणाम या सिद्धांताने चांगला उलगडतो. शेक्सपिअरच्या लिअरची सावली असलेले हे नाटक मध्यमवर्गीय घरात घडते. मुलगा, सून, मुलगी आणि जावई यांपैकी कुणीही खलपुरुष नाही. आप्पा बेलवलकर स्वतः अहंकारी, बोलघेवडे, घरात न मावणारे. प्रेक्षागृहात म्हातारे बाप असतात आणि त्यांना घेऊन आलेली मुलेही असतात. दोघे एकाच दृश्याला वेगवेगळ्या जागेवरून भिडतात. आप्पा नट असल्यामुळे त्यांचे दुःख शेक्सपिअरच्या आणि जुन्या भूमिकांच्या भाषेत बाहेर पडते. ती भव्य भाषा हाच इथला मुकुट आणि पूर्वरंग. सीतेच्या नावाने ओवी गाणारी बाई आणि जुन्या भूमिकांच्या शब्दांत रडणारे आप्पा एकाच युक्तीचा आधार घेतात.

बीड जिल्ह्यातील दरडवाडीसारख्या लहान गावातून आलेले आणि पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झालेले वामन केंद्रे यांनी ऐंशीच्या दशकात ‘झुलवा’ रंगमंचावर आणले. उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीचे नाट्यरूपांतर चेतन दातार यांचे. देवीला सोडलेल्या जोगतिणींचे जगणे हा विषय. लेखणीने वास्तववादी चौकट निवडली असती तर ते नाटक एकतर अहवाल झाले असते, नाहीतर कीव. केंद्र्यांनी जोगतिणींचीच गाणी, वाद्ये, नाच आणि विधी यांतून प्रयोग बांधला. ज्या विधींनी त्या बायकांना बांधले, त्याच विधींच्या तालावर त्यांचा शोक प्रेक्षकापर्यंत आला. लोककलेतल्या वाद्यांना शोभेची जागा देणारे दिग्दर्शक अनेक झाले. त्यांना शोकाचा कणा करणारे थोडे.

बीडचा प्रेक्षक मात्र अजून एका बाबतीत वेगळा आहे. राज्याला सर्वाधिक ऊसतोड मजूर पुरवणारा जिल्हा ही त्याची ओळख. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोड्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर, बहुतेक गावांच्या जत्रांच्या दिवसांत, परततात. या स्त्री-मजुरांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण इतके असल्याचे २०१९ मध्ये समोर आले, की शासनाला त्यासाठी समिती नेमावी लागली. जत्रेच्या रात्री मांडवात बसलेला प्रेक्षक अॅरिस्टॉटलच्या ‘उद्ध्वस्त’ माणसाच्या किती जवळ आहे? अॅरिस्टॉटल खरा असेल तर त्याला परक्याची करुणा वाटू नये. जात्यावर सीतेसाठी रडलेल्या पिढ्या याच जिल्ह्यातल्या आहेत, आणि कीर्तनात तारामतीसाठी पदर डोळ्यांना लावणाऱ्याही. या ठिकाणी अॅरिस्टॉटल चुकतो असे म्हणावे लागते. भरताला हा प्रेक्षक अधिक कळला होता. ‘नाट्यशास्त्रा’च्या पहिल्याच अध्यायात नाट्य कुणासाठी, याचे उत्तर देताना तो दुःखाने पिडलेले, श्रमाने थकलेले आणि शोकाकुल झालेले यांची नावे घेतो आणि नाट्य त्यांना विश्रांती देईल असे म्हणतो. कष्टकऱ्याला आणि शोकग्रस्ताला त्याने प्रेक्षक म्हणून अपात्र ठरवले नाही. नाट्य त्यांच्यासाठीच आहे असे सांगितले.

ऑगस्टीनचा आक्षेपही इथे निराळा होतो. रोमन नाट्यगृहातले दुःखित कल्पित होते, त्यांना मदत करणे शक्यच नव्हते. दुष्काळ, उचल किंवा आत्महत्या यांवरच्या नाटकातले दुःखित प्रेक्षागृहातच बसलेले असतात, किंवा शेजारच्या वस्तीत राहतात. अशा प्रयोगात नुसती हळहळ घेऊन घरी जाण्याची सोय राहत नाही. म्हणून रडवण्याच्या सामर्थ्यावर प्रयोगाची परीक्षा करणे इथे अपुरे आहे. सिंधूच्या बाबतीत झाले तसे, अश्रूंनी कारणांवर पडदा टाकला का, हेही तपासावे लागते.

गेल्या काही दशकांत हौशी आणि महाविद्यालयीन रंगभूमीवर शेतकऱ्याच्या आत्महत्येवरच्या एकांकिका वारंवार येतात. त्यांतल्या अनेकांत शेवटी गळफास प्रत्यक्ष दाखवला जातो, प्रकाश लाल होतो, आणि प्रेक्षागृह सुन्न होते. ही सुन्नता पुष्कळदा परिणामाची खूण समजली जाते. अॅरिस्टॉटलच्या भाषेत ती भयंकराची खूण आहे, जी करुणेला हुसकावते. आणि ज्याच्या घरी हे घडून गेले आहे त्या प्रेक्षकासाठी ती फ्रिनिकसच्या नाटकाइतकीच असह्य आहे. मृत्यू रंगमंचावर दाखवू नये, तो कुणीतरी येऊन सांगावा, या भरताच्या नियमाला भाबडा संकेत म्हणून हिणवले गेले. ग्रीक शोकनाट्यातही बहुतेक मृत्यू दूताच्या निवेदनातूनच कळतात. सांगणारी व्यक्ती आली की मृत्यूबरोबर मागे राहिलेलेही दिसू लागतात : सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारी बायको, सावकाराला तोंड देणारा भाऊ, पुढच्या हंगामात आईबरोबर फडावर जाणारे मूल. गळफासाच्या दृश्यात या कुणालाच जागा नसते. निवेदनात ती असते, आणि करुणेला धरायला जागाही तिथेच मिळते.